घरीं बांधलेल्या गाडीचे पाटे व त्यांचे बोल्ट आवळण्याची निर्धोक रीत

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील लोहारकाम करणारे श्री. दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतील भाग जुळवून एक चारचाकी गाडी स्वतः बांधली, ही हकीकत 2021 सालीं सर्वत्र पसरली. व जानेवारी 2022 मध्यें उद्योगपति श्री. आनंद महिंद्र यांनीं त्या गाडीच्या बदल्यांत त्यांस नवी बोलेरो दिली. आपल्या खानदेशांतही अशी हौस व असें कौशल्य कमी नाहीं. जुन्या जीपचा आंस, दुसऱ्याच गाडीचे पाटे आणि गांवच्या वर्कशॉपांत जोडलेला सांगाडा यांपासून ट्रॉली किंवा शेतांत फिरण्याजोगी गाडी बनविलेली ठिकठिकाणीं दिसते. नोंदणीवांचून असें मोटारवाहन सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं, हें 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें ठरविलेलेंच आहे. परंतु शेतांतल्या वाटेवरही माणूस गाडीखालीं सांपडूं शकतो. घरीं बांधलेल्या गाडीस कारखानदाराचें पुस्तक नसतें. कोणता बोल्ट किती आवळावा हें सांगणारा कोणी नसतो. म्हणून त्यामागील तत्त्व मालकानेंच समजून घेतलें पाहिजे.

बोल्ट कशाच्या बळावर धरतो?

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना आपण पाहिलें आहे. लोखंडी पट्टी तापवून बसवितात व तिजवर पाणी ओततात. ती निवून आकसूं लागते, पण आंतलें लांकूड तिला आकसूं देत नाहीं; आणि त्या ओढीनें सारें चाक घट्ट आवळलें जातें. बोल्टाचेंही तसेंच आहे. नट फिरविला म्हणजे बोल्ट किंचित् ताणला जातो, व पुन्हां आंखूड होण्याच्या त्याच्या ओढीनें पाटा व आंस एकमेकांवर दाबले जातात. आंस जागेवर राहतो तो या दाबापासून उत्पन्न होणाऱ्या घर्षणामुळें. यू-बोल्ट सैल पडला कीं आंस सरकूं पाहतो, सारा हिसका पाट्याच्या मधल्या बारीक सेंटर बोल्टावर येतो, तो तुटतो, आणि आंस एका बाजूनें मागें जाऊन गाडी आडवी ओढते. कपाशीनें भरलेली ट्रॉली जिनिंगकडे निघाली असतां असें झालें तर काय होईल, हें सांगावयास नको.

जोर किती लावावा?

सैल बोल्ट जितका वाईट, तितकाच अति आवळलेलाही वाईट. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 असा आंकडा असतो. त्यांतील पहिला 8 म्हणजे तो दर चौरस मिलिमीटरास सुमारें 80 किलो ओढ सोसल्यावर तुटतो. व दुसरा 8 म्हणजे त्या ओढीच्या शेंकडा 80 भागापर्यंत तो ताणून पुन्हां मूळपदावर येतो. त्यापुढें तो लांबतो तो कायमचा. आंकडा नसलेला बाजारी बोल्ट पाट्यास कधींही लावूं नये.

12 मिलिमीटर जाडीच्या 8.8 बोल्टास, आटे कोरडे असतां, सुमारें 80 ते 90 न्यूटन-मीटर, आणि 16 मिलिमीटरच्या बोल्टास सुमारें 200 न्यूटन-मीटर पीळ पुरतो. पाटा किंवा आंस ज्या गाडीचा असेल तिच्या कारखानदाराचा आंकडा मिळाल्यास तोच प्रमाण मानावा. टॉर्क पाना नसल्यास साधा हिशेब असा : 200 न्यूटन-मीटर म्हणजे सुमारें 20 किलो-मीटर. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास ताणकाटा अडकवून पान्याशीं काटकोनांत ओढला, तर 40 किलोस थांबावें. उलट एक मीटर पाइप घालून 60 किलो वजनाचा गडी टोकावर उभा राहिला, तर पीळ 60 किलो-मीटर, म्हणजे हवा त्याच्या तिप्पट होतो. बोल्ट तेथें तुटला नाहीं तरी गळ्याशीं बारीक होतो, आणि पुढें रस्त्यावर तुटतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण लावलेल्या जोराचा मोठा भाग, अदमासें दहांपैकीं नऊ हिस्से, आट्यांतील व नटाखालील घर्षणांत जातो. बोल्ट ताणण्यास एकच हिस्सा उरतो. म्हणून आट्यांस तेल लावलें तर तेवढ्याच जोरानें बोल्ट पुष्कळ अधिक ताणला जातो. वरील आंकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांचे आहेत. धूळ व गंज तारेच्या ब्रशानें काढावा. पाटा व आंस यांच्या टेंकत्या पृष्ठभागावर जाड रंग ठेवूं नये. तो दबून झिजतो व बोल्ट आपोआप सैल पडतो. सोडलेले यू-बोल्ट पुन्हां न वापरतां नवे घालावेत.

आवळण्याचा क्रम

चारही नट प्रथम हातानें टेंकवावेत. मग एकदां या कोपऱ्याचा, एकदां समोरच्या तिरप्या कोपऱ्याचा, असे तीन-चार फेऱ्यांत थोडथोडे आवळावेत. शेवटची आवळणी पाट्यावर गाडीचें वजन असतांनाच करावी. रबरी बुशाचें तर याविषयीं विशेष आहे. त्याची आंतली नळी बोल्टानें जखडली जाते, व पाटा हालतांना रबर पिळलें जातें. चाक लोंबकळत असतां बोल्ट आवळला, तर गाडी खालीं येतांच रबर कायमचें पिळलेलें राहतें व थोड्याच दिवसांत फाटतें.

गाडीखालीं जाण्यापूर्वीं

आतां अडचण अशी कीं, वजन चाकांवर ठेवावें तर खालीं शिरण्यास जागा नाहीं, आणि उचलावें तर पाटा सुटा होतो. यावर उपाय म्हणजे भक्कम लोखंडी घोडे चेसिसखालीं न लावतां आंसाखालीं लावणें. मग वजन पाट्यावरच राहतें. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हातसुद्धां घालूं नये. विटा, दगडांची रास, लांकडाचे ओंडके हीं घोड्याचें काम करीत नाहींत; वीट तर भाराखालीं एकाएकीं फुटते.

जागाही पाहून निवडावी. आपली काळी जमीन ओली असतां दबते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवर जॅक ठेवूं नये. फरशीची किंवा ठोकून घट्ट केलेल्या मुरुमाची सपाट जागा घ्यावी. उचलावयाच्या नसलेल्या चाकांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावेत, ट्रॅक्टर सोडवावा, किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. उलटणाऱ्या ट्रॉलीचा हौद वर उचलला असल्यास त्यास लोखंडी टेंकू द्यावाच. तेलाची नळी फुटली कीं हौद क्षणांत खालीं येतो. हांकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा. पान्यावर मोठा जोर लावावयाचा तो गाडीच्या बाहेर बसून, पाना आपल्याकडे ओढून लावावा.

पुढील देखरेख

नव्यानें बांधलेले पाटे बसतांना थोडे दबतात. म्हणून भरलेल्या पहिल्या खेपेनंतर व पुढें कांहीं दिवसांनीं बोल्ट पुन्हां तपासावेत. नटावरून बोल्टावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. ती तुटलेली दिसली कीं नट फिरला असें समजावें. नटाखालून तांबडा गंज झिरपलेला दिसल्यास तेथें हालचाल होत आहे.

आखाजीच्या सुमारास, मृगापूर्वीं, एक सकाळ या कामास द्यावी. व पुढें कपाशीच्या वेचणीपूर्वीं दुसरी. त्या दोन सकाळींत फारसा खर्च नाहीं. बैल गेला आणि झोपा केला, अशी पाळी गाडीच्या बाबतींत आली तर जातो तो बैल नसतो, घरचा माणूस असतो.