छोट्या आलिशान गाडीचा मोठा ताप

एकाच मॉडेलच्या दोन डिझेल गाड्या. एकीचा मालक रोज कॉलेज रोडवरून सातपूरला कामावर जातो आणि संध्याकाळी घरी येतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हापुन्हा लागतो म्हणून तो वैतागलेला असतो. दुसरीचा मालक आठवड्यातून दोनदा मुंबई गाठतो. असा काही दिवा आपल्या गाडीत आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. छोट्या आलिशान एसयूव्ही बाळगणाऱ्या नाशिककरांशी बोललं की अशा परस्परविरोधी साक्षी हमखास ऐकायला मिळतात. एकाला गिअरबॉक्स कमालीचा मऊ वाटतो, दुसऱ्याला तो चौकाचौकात हिसके देतो. कसारा घाट उतरताना एकाच्या ब्रेकचा जळका वास येतो, दुसऱ्याच्या कधीच येत नाही.

दोघंही खरं बोलत असतात. गाडी एकच असली तरी रस्ते वेगळे असतात, आणि त्या त्या रस्त्यावर गाडीच्या पोटात किती उष्णता तयार होते, ती कुठे साठते आणि बाहेर कशी पडते, यावर मालकाचा अनुभव ठरतो.

या गाड्या नाशिकला परक्या नाहीत. २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आणणाऱ्या महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातूनच २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३०० आणि एप्रिल २०२४ मध्ये तिची पुढची आवृत्ती, एक्सयूव्ही थ्री एक्स ओ, बाहेर पडली. लांबी चार मीटरच्या आत, पण वरच्या मॉडेलमध्ये छतभर काच, पुढे दोघांसाठी वेगवेगळा एसी, रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी चालक-मदत यंत्रणा. त्याहून वरच्या किमतीतली ऑडी क्यू ३ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जाते, तर मर्सिडीजची जीएलए पुण्याजवळ चाकणला. किमतीत मोठी तफावत असली तरी या सगळ्यांची अडचण सारखीच आहे. लहान शरीर, लहान टर्बो इंजिन आणि त्या मानाने मोठं वजन. बॉनेटखाली जागा कमी, म्हणून उष्णतेला वाट काढून देणंही अवघड.

लिटरमागचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. विजेच्या भाषेत जवळपास ९ युनिट. उत्तम पेट्रोल इंजिनही अनुकूल परिस्थितीत यातली ३५ ते ४० टक्के ऊर्जाच कामाला लावतं. उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता म्हणून निघून जाते. रांगत्या वाहतुकीत कामाचा वाटा आणखी घसरतो, कारण गाडी उभी असतानाही इंजिन इंधन पीत असतं.

सध्या मालकांची सगळ्यात मोठी कुरबुर ॲव्हरेजची आहे आणि तिचं खापर फुटतं पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवर. इथं आकडेमोड सोपी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी. २० टक्के मिश्रण केलं की लिटरमागची ऊर्जा साधारण ७ टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असतो, त्यामुळे त्यासाठी जुळवलेलं इंजिन यातली काही भरपाई करू शकतं. तेव्हा १५ चं ॲव्हरेज १४ वर आलं, तर इथेनॉलला जबाबदार धरता येईल. १५ चं १० झालं असेल, तर टायरमधली हवा, एसी, छोट्या फेऱ्या आणि वाहतूक कोंडी यांच्याकडे आधी बघायला हवं.

पिवळ्या दिव्याचं कारण

आता सातपूरच्या डिझेल गाडीकडे वळू. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ निकषांनंतर डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आली. मालकांच्या तोंडी ती ‘डीपीएफ’ म्हणूनच असते. काजळी साठत गेली की ती गाळणीतच जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. नेहमीच्या शहरी फेरीत धूर इतका तापत नाही. मग गाडीचा संगणक एक युक्ती करतो. सिलिंडरमधला मुख्य स्फोट होऊन गेल्यावर तो थोडं जादा डिझेल फवारतो. ते पुढे उत्प्रेरकात जळतं आणि गाळणी तापवतं.

असा उशिराचा, मोजूनमापून फवारा मारता येतो तो कॉमन रेल इंजेक्टरमुळे. वातावरणाच्या दीड हजार पटींहून अधिक दाबाखालचं डिझेल तो एका आवर्तनात अनेकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने सोडतो. जुने नाशिककर ज्याला अजूनही ‘मायको’ म्हणतात, त्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. गाडी ज्या रस्त्यावर अडखळते, त्याच रस्त्यावर तिला सावरणारा भाग तयार होतो.

काजळी पूर्ण जळायला सलग पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. सहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन नुकतं कुठं तापलेलं असतं आणि काम अर्ध्यावर असताना मालक चावी फिरवतो. दुसऱ्या दिवशी संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दरम्यान जादा फवारलेल्या डिझेलचा काही भाग पिस्टनच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होतं, त्याची पातळी चढते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं पाहून खूश होणाऱ्याने खरं तर काळजी करायला हवी.

जळण चालू असल्याच्या खुणा लक्ष देणाऱ्याला कळतात. गाडी उभी असताना आरपीएम किंचित चढलेले असतात, स्क्रीनवरचं तत्कालीन ॲव्हरेज अचानक पडतं, इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. पहिल्या दोन खुणा दिसल्या तर घराजवळ आल्यावरही त्र्यंबकच्या रस्त्याला एक फेरी मारून यावी. सर्व्हिस सेंटरवाले ‘हायवेला फिरवून आणा’ म्हणतात, त्यामागे हेच विज्ञान आहे. मुंबईला जाणाऱ्याची गाळणी घोटीच्या आसपास आपोआप साफ होत असते.

द्वारका चौकातला क्लच

गाळणीला उष्णता हवी असते, गिअरबॉक्सला ती नको असते. जीएलए, क्यू ३ आणि बीएमडब्ल्यू एक्स १ या तिन्ही गाड्यांत दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तिसऱ्यावर गाडी पळत असताना चौथा तयारच असतो, म्हणून बदल झटपट होतो. मोकळ्या रस्त्यावर या गिअरबॉक्सचं कौतुक होतं ते उगाच नाही.

नाशिकच्या द्वारका चौकात मात्र चित्र पालटतं. गाडी ताशी दोन-तीन किलोमीटरने सरकत असते. इंजिन ८०० आरपीएमच्या खाली नेता येत नाही आणि चाकं जवळजवळ थांबलेली असतात. या दोहोंतला फरक क्लचने घासून भरून काढायचा. क्लचवर ५० न्यूटन-मीटर जोर असेल, तर त्या घर्षणात सुमारे ४ किलोवॅट उष्णता तयार होते. तेलात बुडालेल्या क्लचमधून ती तेलाबरोबर वाहून नेली जाते. कोरड्या क्लचला फक्त हवेचा आधार, म्हणून तो लवकर तापतो, हिसके देतो आणि शेवटी पडद्यावर इशारा दाखवतो.

थ्री एक्स ओच्या टर्बो पेट्रोल मॉडेलमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळतो. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामधली घसरण द्रवात होते. बदल थोडा सुस्त, पण रांगण्याची सवय असलेला. शहरातच फिरणाऱ्याला हा ‘जुनाट’ गिअरबॉक्स अधिक मानवतो. दोन क्लचवाल्यांसाठी साधा उपाय असा की पुढच्या गाडीच्या मागे इंचाइंचाने सरकू नये. पूर्ण थांबावं, अंतर पडू द्यावं आणि मग एकदाच पुढे जावं. चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरणं म्हणजे क्लच भट्टीत धरणं. तिथे ब्रेकच दाबावा.

तीनशे मीटरची उतरंड

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना गाडी सुमारे ३०० मीटर उंची गमावते. माणसं आणि सामान धरून तिचं वजन १,८०० किलो असेल, तर या उतारात सुमारे ५३ लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. इतक्या उष्णतेत १७ लिटर गार पाणी उकळीला येईल. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातला काही भाग खातो. उरलेला एक तर इंजिनाने पेलायचा किंवा ब्रेकच्या चार डिस्कनी.

आगगाडीला हे गणित १८६५ पासून ठाऊक आहे. थळ घाटातल्या, म्हणजे याच कसारा घाटातल्या, लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे आणि वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. मोटारवाल्याला मात्र पायाखालच्या पेडलपुढे हा चढउतार जाणवत नाही. स्वयंचलित गाडी ‘डी’ वर ठेवून उतरलं की ती इंधन वाचवण्यासाठी वरचा गिअर पकडते, इंजिनाचा अडसर कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापून वास सुटतो, पेडल जास्त दाबावं लागतं.

त्यात पावसाळा भर घालतो. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल पोकळ लागतं, कारण वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदलायचं आणि घाटात गिअर हाताने खाली आणायचा. स्टीअरिंगमागच्या पट्ट्या शोभेसाठी दिलेल्या नाहीत, कसाऱ्याचा उतार हेच त्यांचं खरं काम.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांनी घाटाची वळणं टळली. उंची मात्र टळलेली नाही. सह्याद्रीवरून कोकणात उतरायचं तर तेवढेच मीटर खाली यावं लागतं, फक्त उतार लांबवर पसरलेला असतो आणि उष्णतेला निघून जायला वेळ मिळतो. विजेवरच्या गाडीत हाच उतार कमाईचा ठरतो. ५३ लाख ज्यूल म्हणजे सुमारे दीड युनिट, त्यातला काही भाग बॅटरीत परत येण्याची आशा असते. अट एकच, बॅटरीत जागा हवी. इगतपुरीला शंभर टक्के चार्ज करून घाट उतरणाऱ्याला ही कमाई साठवायला जागाच उरत नाही.

थंडीतला टायर, उन्हाळ्यातलं छत

डिसेंबरच्या पहाटे नाशिक-निफाड पट्ट्यात आणखी एक दिवा लागतो, टायरमधल्या हवेचा. पंक्चर सापडत नाही आणि दुपारी दिवा विझतो. मे महिन्यात ३५ अंशाला ३३ पीएसआय भरलेला टायर हवा न गळताही ८ अंशाच्या थंडीत जवळपास २९ वर येतो. उलट, समृद्धीवर ताशी १२० च्या वेगाने तापलेल्या टायरमधला दाब चार-पाच पीएसआयने चढतो. तो पाहून हवा काढणं हा घातक शहाणपणा आहे. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला जास्त वाकतो, वाकण्यातून तापतो आणि तापून फाटतो. हवा नेहमी गार टायरला, सकाळी तपासावी.

आलिशानपणाची किंमत इथेही दिसते. १७ किंवा १८ इंची चाकांवर रबराची भिंत जेमतेम १२-१३ सेंटिमीटर उरते. खड्ड्याच्या कडेला आपटली की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. छतभर काचेचंही तसंच. मे महिन्याच्या भर दुपारी चौरस मीटरभर जागेवर जवळपास एक किलोवॅट ऊन पडतं. गडद काच त्यातलं बरंच अडवते, पण उरलेल्याशी एसीलाच झुंजावं लागतं आणि एसीचा खर्च शेवटी इंधनातूनच जातो.

म्हणून नव्या ग्राहकाने शोरूममध्ये ‘ॲव्हरेज किती?’ विचारण्याआधी स्वतःलाच तीन प्रश्न विचारावेत. माझी एक फेरी किती किलोमीटरची असते? त्यातला रांगण्याचा वेळ किती? महिन्यातून घाट किती वेळा? फेरी दहा किलोमीटरच्या आतली असेल तर डिझेलचा मोह सोडावा. द्वारका रोजची असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा तेलात बुडालेला क्लच पाहावा. चाचणीची गाडीही शोरूमच्या ठरलेल्या मोकळ्या रस्त्यावर न नेता संध्याकाळी सहा वाजता आपल्या नेहमीच्या वाटेवर न्यावी. विकणारा कुरकुरेल, पण पुढची सात-आठ वर्षं ती गाडी त्याच वाटेवर तापणार आहे आणि तिचे हप्ते आपणच भरणार आहोत.