वयावरची संभाव्यता: गुण सूत्रात जात नाहीत, तारखेत जातात

वयवारी आणि संभाव्यता हे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात दोन वेगळे धडे असतात. प्रश्नपत्रिकेत मात्र ते कधीकधी एकाच प्रश्नात येतात. अशा प्रश्नात सूत्र बहुतेकांना येतं. चूक होते ती वय काढताना. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातली एक तारीख घेतली की हे चटकन कळतं.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात आले. (बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्याने १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं.) त्या काळात वर्ध्याशी जोडलेल्या पाच जणांच्या जन्मतारखा अशा:

कस्तुरबा – ११ एप्रिल १८६९
गांधीजी – २ ऑक्टोबर १८६९
जमनालाल बजाज – ४ नोव्हेंबर १८८९
महादेव देसाई – १ जानेवारी १८९२
विनोबा भावे – ११ सप्टेंबर १८९५

प्रश्न: त्या दिवशी या पाचांपैकी एकाची निवड केली, तर त्याचं वय सम असण्याची संभाव्यता किती?

घाईत १९३६ मधून जन्मवर्ष वजा केलं, तर वयं येतात ६७, ६७, ४७, ४४, ४१. सम एकच, म्हणून उत्तर १/५. पण एप्रिलअखेर गांधीजी, जमनालालजी आणि विनोबांचा वाढदिवस यायचाच होता. त्यांचं एकेक वर्ष कमी करायला हवं. खरी वयं ६७, ६६, ४६, ४४, ४०. सम चार, उत्तर ४/५. पर्यायांमध्ये ही दोन्ही उत्तरं असणार, हे सांगायला नको!

आता दोघांची निवड करा. वयांची बेरीज सम असण्याची संभाव्यता किती? एकूण जोड्या ५ × ४ ÷ २ = १०. बेरीज सम येते दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तेव्हा. चार समांच्या जोड्या ६. विषम एकच, त्याची जोडी होत नाही. उत्तर ६/१०, म्हणजे ३/५. गंमत अशी की चुकीच्या वयांनीही इथे ३/५ च येतं, कारण तिथे चार विषम आणि एक सम आहे. सराव करताना उत्तरतालिकेशी उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर होती, असं धरू नये ते यासाठीच.

हाच प्रश्न ‘पाच वर्षांनंतर’ असा विचारला तर? ३० एप्रिल १९४१ ला प्रत्येकाचं वय ५ ने वाढलं, म्हणजे समाचं विषम आणि विषमाचं सम झालं. एकाची निवड केली तर सम वयाची संभाव्यता आता १/५. जोडीची बेरीज मात्र १० ने वाढते, त्यामुळे ती सम असेल तर समच राहते आणि उत्तर ३/५ च. नव्याने काही मांडायची गरज नाही.

‘किमान एक’ हे शब्द दिसले की उलट बाजूने जाणं सोपं. दोघांपैकी किमान एक ४५ पेक्षा लहान असण्याची संभाव्यता हवी असेल, तर दोघेही ४५ वरचे असलेल्या जोड्या मोजाव्यात. असे तिघे, जोड्या ३. उत्तर १ − ३/१० = ७/१०. इथे ३/५ × ३/५ असा गुणाकार केला की फसगत होते. पहिला निवडल्यावर चारच उरतात, म्हणून ३/५ × २/४.

वय मोजण्याची ही शिस्त परीक्षेच्या आधीच, अर्ज भरताना लागते. पोलीस शिपाई भरतीला किमान वय १८ आहे आणि ते कोणत्या तारखेला मोजायचं हे जाहिरातीत दिलेलं असतं. समजा ती तारीख ३१ मार्च आहे आणि उमेदवाराचा वाढदिवस जूनमध्ये येतो. वर्षांची वजाबाकी १८ दाखवेल, पण त्या तारखेला त्याचं वय १७ च भरतं.