प्रोग्रॅमच्या पोटातली क्वेरी

कोबोल किंवा सी भाषेत लिहिलेला बँकेचा एखादा जुना प्रोग्रॅम उघडला, की मधूनच वेगळ्या बोलीतल्या ओळी दिसतात. त्या ‘एक्झेक एसक्यूएल’ या शब्दांनी सुरू होतात. सीमध्ये शेवटी अर्धविराम येतो, कोबोलमध्ये ‘एंड-एक्झेक’. मधे असतो डेटाबेसला दिलेला हुकूम: अमुक खात्याची शिल्लक आण, तमुक रेकॉर्ड बदल. या पद्धतीला एम्बेडेड एसक्यूएल म्हणतात. दोन भाषा एका फाइलमध्ये शेजारी नांदतात म्हणून प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकच झाले असं वाटू लागतं, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच फुटतात.

पहिला गैरसमज असा, की सीच्या कंपायलरला या ओळी कळतात. मुळीच कळत नाहीत. फाइल जशीच्या तशी त्याच्या हाती दिली तर ‘एक्झेक’पाशीच तो अडतो. त्याआधी प्रीकंपायलर नावाचा वेगळा प्रोग्रॅम फाइल वाचतो आणि त्या ओळींच्या जागी लायब्ररीतल्या फंक्शनचे कॉल घालतो. पोस्टग्रेसमध्ये हे काम ईसीपीजी करतो, ओरॅकलमध्ये प्रो-सी. ही वाट जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ भाषा मांडली, आणि आयबीएमच्या सॅन होजेतल्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पीएल-वन व कोबोलच्या प्रोग्रॅममध्ये असे हुकूम बसवण्याची सोय झाली.

प्रीकंपायलरने फाइल पास केली म्हणजे क्वेरी बरोबर, हेही खरं नाही. ईसीपीजी डेटाबेसशी बोलतच नाही, तो फक्त वाक्यरचना तपासतो. टेबलचं नाव चुकलं असेल तर ते प्रोग्रॅम चालवल्यावरच कळतं. प्रो-सीला मात्र तसा पर्याय दिला, तर तो डेटाबेसशी जोडून टेबल आणि कॉलमही पडताळतो.

अशी क्वेरी आधीच ‘शिजलेली’ असल्याने वेगवान असते, हा समज अर्धा खरा. मेनफ्रेमवरच्या डीबी-टूमध्ये ‘बाइंड’ नावाची पायरी असते. तिथे डेटा कोणत्या मार्गाने काढायचा हे ठरतं आणि तो निर्णय पॅकेजमध्ये साठवला जातो. त्यामुळे नंतर नवा इंडेक्स बनवला तरी पुन्हा बाइंड केल्याशिवाय जुनं पॅकेज त्याच्याकडे वळत नाही. ईसीपीजीत असं पॅकेज नसतं, क्वेरी प्रोग्रॅम चालताना सर्व्हरकडे जाते. लिहिण्याची धाटणी एकच, आतली यंत्रणा निराळी. म्हणून एका डेटाबेसवरचा अनुभव दुसऱ्यावर डोळे झाकून लावू नये.

सुरक्षेबद्दलचा गैरसमज अधिक घातक आहे. प्रोग्रॅममधलं व्हेरिएबल क्वेरीत वापरताना त्याच्या नावाआधी कोलन लावतात. अशा होस्ट व्हेरिएबलमधून जाणारी गोष्ट फक्त मूल्य म्हणून पोहोचते. वापरणाऱ्याने नावाच्या रकान्यात एसक्यूएल टाइप केलं तरी डेटाबेस त्याला हुकूम मानत नाही. इथवर ही पद्धत भक्कम आहे. पण टेबलचं नाव काही कोलन लावून बदलता येत नाही. मग प्रोग्रॅमर तुकडे जोडून क्वेरीची स्ट्रिंग तयार करतो आणि ‘एक्झिक्यूट इमिजिएट’ने चालवतो. त्या स्ट्रिंगमध्ये बाहेरून आलेला मजकूर तसाच चिकटवला, की इंजेक्शनचं दार सताड उघडतं. एम्बेडेड एसक्यूएल आहे म्हणून धोका नाही, असं कुणी म्हणालं तर ती स्ट्रिंग कुठे तयार होते ते आधी पाहावं.

सर्वांत जास्त वेळ खाणारी गफलत चुका हाताळण्यात होते. प्रत्येक हुकुमानंतर ‘एसक्यूएलकोड’मध्ये निकाल येतो: ० म्हणजे झालं, ऋण आकडा म्हणजे चूक, आणि १०० म्हणजे रेकॉर्डच नाही. हा १०० चुकीत मोडत नाही, म्हणून फक्त चुका पकडणाऱ्या प्रोग्रॅममधून तो निसटतो. अपडेटच्या अटीत एकही रेकॉर्ड बसलं नाही तरी १०० येतो, आणि काम झालं असं समजून प्रोग्रॅम पुढे निघतो. चूक आली की ठरवलेल्या भागात उडी मारायला सांगणारी ‘व्हेनएव्हर’ ही सूचना तर आणखी फसवी. ती इफसारखी वाटते, पण प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने चालतो याच्याशी तिला देणंघेणं नाही. फाइलमध्ये तिच्या खाली लिहिलेल्या सगळ्या हुकुमांना ती लागू होते, दुसरी सूचना येईपर्यंत. त्यामुळे चूक हाताळणाऱ्या भागातला रोलबॅकही तिच्याच अंमलाखाली येतो. कनेक्शन तुटल्याने रोलबॅक फसला, तर प्रोग्रॅम पुन्हा त्याच भागात उडी मारतो, पुन्हा रोलबॅक, पुन्हा उडी. त्या भागाच्या सुरुवातीलाच ‘कंटिन्यू’ची सूचना लिहिली की हे चक्र थांबतं.

नल म्हणजे शून्य किंवा रिकामी जागा, असंही अनेक जण धरून चालतात. सीच्या पूर्णांकात ‘माहिती नाही’ असं साठवायला जागाच नसते. म्हणून सोबत इंडिकेटर नावाचं दुसरं व्हेरिएबल द्यावं लागतं. त्यात ऋण आकडा आला तर मूल्य नल. ते दिलं नाही आणि नल आला, तर डीबी-टू उणे ३०५ ही चूक परत करतो.

आणि ही पद्धत संपली का? १९९२ मध्ये ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावासोबत जेडीबीसी आल्यावर क्वेरी साध्या स्ट्रिंगमधून पाठवण्याची रीत रुळली, प्रीकंपायलरची गरज उरली नाही. पण कंपाइल करतानाच क्वेरी तपासून घेण्याची सोयही त्याबरोबर गेली. ती परत मिळवण्याची धडपड आजही चालू आहे. सॅपच्या आबाप भाषेत क्वेरी अजून प्रोग्रॅमच्या वाक्यांतच लिहिली जाते, फक्त कोलनऐवजी ‘ॲट’चं चिन्ह लावून. रस्ट भाषेतली एसक्यूएलएक्स ही लायब्ररी तर कंपाइल करतानाच विकासासाठी ठेवलेल्या डेटाबेसशी जोडते आणि कॉलमचं नाव चुकलं असेल तर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही.