काळजी करणं आणि काळजी घेणं : विंगेतल्या माणसाचं काम



मागच्या व्याख्यानात आपण कर्तव्य या कल्पनेबद्दल बोललो. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं जाता जाता विचारलं, "सर, तुमची सगळी उदाहरणं रणांगणावरची नाहीतर कोर्टातली असतात. आमच्या रोजच्या कामातलं एखादं द्या ना." तक्रार रास्त होती. म्हणून आज आम्ही एक काम निवडलं आहे. ते रोजचं आहे, पोटापाण्याचं आहे आणि नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नाटकाच्या प्रयोगाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाचं काम.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. इंग्रजी रंगभूमीवर याला स्टेज मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे एकच एक शब्द नाही. व्यवस्थापक म्हणतात, रंगमंच व्यवस्था म्हणतात आणि व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत कोपऱ्यात 'सूत्रधार' असं लिहून एक नाव छापलेलं असतं. हे सूत्रधार म्हणजे नांदी म्हणणारे नव्हेत. तारखा मिळवणं, बस आणि टेम्पो ठरवणं, कलाकारांना वेळा कळवणं, हिशेब पाहणं, ही त्यांची सूत्रं.

पण जुना सूत्रधारही या कामापासून फार लांब नव्हता बरं का. कालिदासाच्या शाकुंतलाची प्रस्तावना आठवा. सूत्रधार नेपथ्याकडे पाहून नटीला हाक मारतो आणि तिथली तयारी झाली असेल तर बाहेर ये म्हणतो. तिथे नेपथ्य म्हणजे वेशभूषा आणि ती जिथे होते ती पडद्यामागची जागा. आज आपण सेटला नेपथ्य म्हणतो, म्हणजे जो शब्द न दिसणाऱ्या जागेचा होता तो दिसणाऱ्या गोष्टीला चिकटला. पुढे गंमत अशी की नटीच्या गाण्यात सूत्रधार इतका रंगतो की आज कोणतं नाटक करायचं हेच विसरतो. नटी आठवण करून देते, मघाशी आपणच नाव सांगितलंत की! आमच्या मते त्या क्षणी खरी व्यवस्थापक ती नटी आहे. सगळे रंगलेले असताना पुढे काय आहे हे लक्षात ठेवणं, हेच ते काम.

आता ते काम दिवसभर कसं चालतं ते पाहू. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या चालत्या नाट्यगृहात एका दिवसात तीन नाटकं लागतात. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक आणि तिन्ही वेगवेगळ्या संस्थांची. म्हणजे दुपारच्या नाटकाचा सेट निघाल्याशिवाय रात्रीचा सेट आत जात नाही. दुपारचं नाटक लांबलं की रात्रीच्या माणसाचं घड्याळ तिथूनच आक्रसायला लागतं. टेम्पो मागच्या दाराशी उभा असतो. फ्लॅट, लेव्हल, दारं-खिडक्यांच्या चौकटी, सोफा, पेट्या, कपड्यांच्या बॅगा, सगळं एका क्रमानं भरलेलं असतं. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, म्हणजे आधी निघतं. हा साधा तर्क आहे, पण चुकला तर वीस मिनिटं जातात.

सेट उभा राहतो तो कामगारांच्या हातांनी. फ्लॅटला मागून टेकू लागतो, दोन फ्लॅटमधली फट बुजवली जाते, दार उघडून बघितलं जातं. प्रत्येक नाट्यगृहाचा रंगमंच सारखा रुंद नसतो. काल जो सोफा डावीकडच्या दारापासून पाच पावलांवर होता, तो आज चारच पावलांवर येतो. नटाला ते पाऊल आधी कळलं पाहिजे, नाहीतर तो बोलता बोलता सोफ्याला धडकेल. म्हणून खुणा करायच्या आणि नट आला की त्याला सांगायचं, आज जागा कमी आहे, एकदा चालून घ्या.

मग विंगेतलं टेबल. नाटकात हाताळायच्या वस्तूंना आपले लोक 'प्रॉपर्टी' म्हणतात. चष्मा, पाकीट, चहाचे कप, औषधाची बाटली, दारू म्हणून प्यायचा कोरा चहा. कोणती वस्तू कोणत्या विंगेतून, कोणाच्या हातात, कोणत्या अंकात जाणार, हे ठरलेलं असतं. तोवर कलाकार येतात, रंगभूषा सुरू होते, लाइटवाले शिडीवर असतात, संगीतवाला आवाज तपासतो. मंचावर नटराजाची पूजा होते, नारळ वाढवतात, उदबत्तीचा वास विंगेत पसरतो. पहिली घंटा, दुसरी घंटा. तिसऱ्या घंटेपूर्वी व्यवस्थापकाला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं : सगळे आपापल्या जागी आहेत का? इंग्लंडमध्ये अर्ध्या तासाची सूचना प्रत्यक्षात पस्तीस मिनिटं आधी देतात. कारण पहिल्या प्रवेशातल्या नटांनी पडदा वर जायच्या पाच मिनिटं आधी जागेवर उभं असायचं असतं आणि उलटी मोजणी तिथून होते. हिशेब वेगळा, पण मूळ तेच. प्रेक्षकांचं नाटक सुरू होण्याआधी या माणसाचं नाटक सुरू झालेलं असतं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे आणि त्याच ठिकाणी प्रयोगात येणाऱ्या विघ्नांचाही आहे. त्यांना तिथे 'घात' म्हटलं आहे. काही घात दैवाचे : वारा, आग, पाऊस, साप. काही परक्यांचे : आरडाओरडा करणारे, शेण आणि ढेकळं फेकणारे. आणि काही आपले आपणच केलेले : नट बोलणं विसरला, दुसऱ्याचं वाक्य बोलला, मुकुट खाली पडला. इतक्या जुन्या ग्रंथात मुकुट पडण्याची नोंद आहे, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. ज्यानं ते लिहिलं त्यानं कधीतरी मुकुट पडलेला पाहिला असणार.

पण मुद्दा असा की यातल्या बहुतेक घातांवर व्यवस्थापकाचा ताबा नाही. पाऊस त्याच्या हातात नाही, प्रेक्षकाचा मोबाईल त्याच्या हातात नाही, नटाची स्मरणशक्तीही नाही. मग त्याच्या हातात काय आहे?

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही, एका फजितीतून कळलं. विद्यार्थी असताना महाविद्यालयाच्या एकांकिकेची विंग आम्ही सांभाळत होतो. त्या एकांकिकेचा सगळा जीव एका पत्रात होता. नायिका टेबलाचा खण उघडते, पत्र काढते, वाचते आणि गोष्ट उलटते. त्या दिवशी पत्राच्या काळजीनं आम्ही सकाळी धड जेवलो नव्हतो. प्रयोग सुरू झाला, तिनं खण उघडला आणि तिचा हात आतच थांबला. खण रिकामा. दोन-तीन क्षणांनी तिनं खणात अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद फाडला, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि पत्र 'वाचलं'. प्रेक्षकांना कळलं नाही. पत्र कुठे होतं? आमच्या शर्टाच्या खिशात. हरवू नये म्हणून आम्हीच ते जपून ठेवलं होतं.

मराठीत 'काळजी' हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. शब्द एकच, पण माणसं दोन. आम्ही त्या दिवशी काळजी भरपूर केली होती, घेतली नव्हती. करण्यात सगळं लक्ष आपल्या स्वतःच्या धडधडीकडे असतं, घेण्यात ते त्या वस्तूकडे जातं.

पुढे अनेक वर्षांनी व्यावसायिक नाटकाच्या एका व्यवस्थापकांशी आमची ओळख झाली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दुसऱ्या घंटेआधी ते प्रॉपर्टीच्या टेबलाशी जायचे आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचे. नुसतं बघायचे नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणाले, "सर, काल ठेवलेली वस्तू डोळ्याला आजही दिसते. हाताला नाही दिसत."

यात किती ज्ञानमीमांसा आहे बघा. सवयीनं आपण जे आहे ते पाहत नाही, जे असायला हवं ते पाहतो. दोनशेव्या प्रयोगाला हा धोका पहिल्या प्रयोगापेक्षा मोठा असतो. पहिल्या दिवशी भीती असते, भीती माणसाला जागं ठेवते. दोनशेव्या दिवशी भीती गेलेली असते आणि तिची जागा पद्धतीनं घ्यावी लागते. यादी, खूण, हात लावणं, ही ती पद्धत. आपण तिला यांत्रिक म्हणतो, पण ती यांत्रिकपणावरचाच उपाय आहे.

'तो मी नव्हेच' घ्या. १९६२ सालचं आचार्य अत्र्यांचं नाटक. फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर पाच वेगवेगळ्या रूपांत. प्रेक्षकाला पुढे एक माणूस पाच माणसं होताना दिसतो. पण रंगमंच फिरतो तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला काय चालत असेल? कोणीतरी कोट धरून उभा, कोणीतरी टोपी. त्यांच्या हातात त्या वेळी चुकीची टोपी असून चालत नाही. पुढची टाळी नटाची असते आणि असायलाही हवी. पण ती टाळी शक्य होते ती योग्य टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसामुळे.

'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' आहे. काहीतरी घडून गेल्यावर उत्तर द्यायला उभं राहणं. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं जबाबदारी अशीच शिकवली. घटना झाली, आता दोष कोणाचा? विंगेतला माणूस मात्र घटनेच्या आधी उभा असतो. त्याचं काम यशस्वी झालं की घटनाच घडत नाही आणि न घडलेल्या घटनेचं श्रेय कोणाला देणार? स्वयंपाकघरात, दवाखान्यात, रेल्वेच्या रुळांवर अशी कामं करणारी माणसं आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

आता सर्वांत अवघड भाग. प्रयोग थांबवायचा कधी? घरी मृत्यू झालेला असताना नटानं प्रयोग केला, अशा गोष्टी आपण आदरानं सांगतो. आदर योग्यच आहे. पण त्या गोष्टीत आपण एक प्रश्न विचारत नाही : त्याला 'नाही' म्हणायला जागा होती का? बाहेर हाऊसफुल्लचा फलक, निर्मात्याचे पैसे अडकलेले, वीस माणसांची त्या दिवसाची 'नाइट' त्या प्रयोगावर. अशा वेळी 'जमेल ना?' असं चारचौघांत विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच.

अण्णांनी आम्हाला असा एक प्रसंग सांगितला होता. एका नटाच्या घरून पहिल्या घंटेच्या सुमारास वाईट निरोप आला. अण्णांनी त्याला बाजूला नेलं, दार लावलं आणि म्हणाले, "तू जा म्हणालास तरी, करतो म्हणालास तरी, बाहेर मी सांगणार की निर्णय माझा आहे." नट दोन मिनिटं बसला आणि म्हणाला, "जातो मी." अण्णा बाहेर आले, प्रयोग रद्द झाल्याचं सांगितलं, प्रेक्षकांचे चार शब्द ऐकले, निर्मात्यांचे जास्त ऐकले. आम्ही विचारलं, तो करतो म्हणाला असता तर? "तर केला असता की. पण मग त्यानं केला असता. आम्ही करवून घेतला नसता."

करणं आणि करवून घेणं. आम्ही स्वातंत्र्यावर बरीच पानं लिहिली आहेत, पण हा फरक इतक्या थोडक्यात मांडणं आम्हाला जमलं नव्हतं. काळजी घेणं म्हणजे केवळ वस्तू जागेवर ठेवणं नाही. दुसऱ्याच्या निर्णयाला जागा ठेवणं हेही त्यात येतं, आणि त्याची किंमत आपण मोजायची.

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. ज्यांचं पोट प्रयोगागणिक मिळणाऱ्या 'नाइट'वर आहे, त्या पडद्यामागच्या लोकांची कमाई एका दिवसात थांबली. सगळ्यांची काळजी घेणाऱ्यांची काळजी कोण घेणार, हा प्रश्न तेव्हा उघडा पडला. अनेक कलावंतांनी आणि रसिकांनी मदत केली, ती मोलाची होती. पण मदत ही प्रसंगी केलेली गोष्ट. व्यवस्था ही प्रसंगाच्या आधी केलेली गोष्ट. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची तरतूद टेबलावर आहे का, हे समाज म्हणून आपण हात लावून पाहिलं आहे का? की ती असेलच, असं नुसतं दिसतंय?

पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर तिसरी घंटा जरा लक्ष देऊन ऐका. ती वाजण्याआधी कोणीतरी प्रत्येक वस्तूला हात लावून आलेलं असतं.

आता प्रश्न घेऊ या.