ट्रॅक्टर चालू होत नाही, म्हणजे इंजिन गेले असे नाही

मुंबई-नाशिक महामार्गावर वडपे येथे दोन्ही बाजूंना गोदामांच्या रांगा दिसतात. त्यांच्या आडोशाला अजून भातखाचरे आहेत. जूनमध्ये पाऊस लागला, राबात रोप तयार झाले की आवणी कोणासाठी थांबत नाही. नेमक्या त्याच दिवसांत, उन्हाळाभर ताडपत्रीखाली उभा असलेला ट्रॅक्टर चावी फिरवली तरी ढिम्म हलत नाही. मग ऐकीव उपाय सुरू होतात. त्यांतले काही निरुपयोगी असतात, काही खिसा रिकामा करतात आणि एक थेट जिवावर बेततो.

‘दिवे लागतायत, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. पुढचा एक दिवा साधारण 5 अँपिअर घेतो, सेल्फला काही शे अँपिअर लागतात. अर्धी उतरलेली बॅटरी दिवे आरामात पेटवते आणि सेल्फपुढे हात टेकते. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या राहिलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. 12 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग, मग बाकीचे. मीटर नसेल तर दिवे लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. दिवे तसेच राहिले आणि कसलाच आवाज आला नाही, तर सेल्फपर्यंत करंटच जात नाही.

नवी बॅटरी आणण्यापूर्वी टर्मिनल उघडून बघा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी चढलेली असते. क्लॅम्प वरून घट्ट वाटतो, पण त्याच्या आतल्या बाजूला काळपट थर असतो आणि करंट तिथेच अडतो. निगेटिव्हची वायर आधी काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, कोरडे करा आणि निगेटिव्ह शेवटी जोडा. हे करताना जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. चॅसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टीही तशीच घासा. ती कोणी बघत नाही. पेंढ्याच्या उडवीशेजारी ट्रॅक्टर उभा असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही पाहा.

सेल्फ जोरात फिरतो, तरी इंजिन पकडत नाही, अशा वेळी ‘प्लग साफ करा’ असा सल्ला हमखास मिळतो. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून सेल्फ मारताना धुराड्याकडे बघायला एक माणूस उभा करा. अजिबात धूर नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतेय पण पेटत नाही. इंजिन हळू फिरतेय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. काळा धूर असेल तर एअर क्लीनर तुंबलाय का बघा. मात्र सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या, नाहीतर चांगला सेल्फ जळेल.

‘टाकीत डिझेल आहे ना, मग झाले!’ असे नसते. जुन्या ट्रॅक्टरांची इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढलेलीच राहिली, तर पंप डिझेल सोडतच नाही. टाकी एकदा कोरडी पडली असेल किंवा फिल्टर बदलला असेल तर पाइपात हवा शिरते. त्यासाठी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार अखंड झाली की पंप दाबत असतानाच स्क्रू कसा. इंजेक्टरकडच्या पाइपांना मात्र हात लावून गळती शोधू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेल कातडीत घुसते.

आता सर्वांत महत्त्वाचे. अनेक ट्रॅक्टर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय, गिअर न्यूट्रलला किंवा पीटीओची दांडी बंद असल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. त्यासाठी सुरक्षेचा स्विच बसवलेला असतो. चिखल-पाण्याने हा स्विच बिघडला की ‘तो काही कामाचा नाही, डायरेक्ट कर’ असे म्हणत जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात. इंजिन चालू होते, हे खरे. पण गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे झेपावतो आणि माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेतच उभा असतो. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. जगभर शेतकरी असे चिरडले गेले आहेत. ‘मी न्यूट्रल बघूनच करतो’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण सैल झालेली गिअरची दांडी न्यूट्रलला दिसते आणि तशी नसते.

पेट्रोलवरच्या पॉवर वीडरची गोष्ट वेगळी. तिथे प्लग असतोच, पण बिघाड बहुधा गेल्या हंगामातल्या पेट्रोलचा असतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ताजे पेट्रोल भरा. काही इंजिने ऑइल कमी असले तर चालूच होत नाहीत, म्हणून ऑइलची पट्टीही बघा.

मेकॅनिकला बोलवावे लागलेच तर सेल्फ फिरला का, धूर कोणता होता, डिझेलची धार आली का, एवढे त्याला सांगा. म्हणजे योग्य सामान घेऊन तो एकाच खेपेत येईल. आणि क्लचचा स्विच बिघडला असेल तर तो बदलून घ्या. जमिनीवर उभे राहून ट्रॅक्टर कधीही चालू करू नका आणि घरातल्या पोरांनाही करू देऊ नका.