उजवा बंद, डावा बंद
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, त्यावर अहाळीव पेरायचे आणि चार दिवसांनी हिरव्या झालेल्या उतारावर मावळे मांडायचे, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण आपल्याकडची ही पोरं आणि तिकडे इंग्लंडात रात्री जागून बोटभर उंचीच्या फौजा रंगवणारी मोठी माणसं यांचा उद्योग एकच आहे, असं कुणी मला पूर्वी सांगितलं असतं, तर मी हसून विषय बदलला असता.

माझा भाचा नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडात नॉटिंगहॅमला असतो. एकदा सुट्टीवर आला, तेव्हा त्याने एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, ‘मामू, तुमचं अक्षर बारीक आहे, हात स्थिर आहे. हे रंगवून बघा.’ खोक्यावर एक भलंमोठं रंगीत चित्र होतं. पेटलेलं आकाश, खाली हिरव्या कातडीचे, सुळे बाहेर आलेले राक्षस कुऱ्हाडी घेऊन धावताहेत. मी उत्साहाने खोकं उघडलं, तर आत करड्या प्लॅस्टिकच्या दोन चौकटी. एका चौकटीत हात, दुसरीत पाय, मुंडकी वेगळी, कुऱ्हाडी वेगळ्या. सगळं कापून, घासून, चिकटवून घ्यायचं आणि मग रंगवायचं. चित्रातला राक्षस आणि हातातला हा करडा तुकडा यांच्यातलं अंतर आपण ब्रशने भरून काढायचं, हाच तो छंद.

या खेळाचं नाव वॉरहॅमर. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८३ साली बाजारात आणला. बुद्धिबळासारखा पट नाही. मोठं टेबल असतं, त्यावर टेकड्या, पडकी घरं, झाडं मांडतात. दोन खेळाडू, दोन फौजा. कोणता शिपाई एका चालीत किती पुढे सरकेल ते टेपने मोजायचं, वार लागला की हुकला ते फासे सांगणार. प्रत्येक शिपायाला काही गुण ठरवून दिलेले असतात. दोन्ही बाजूंच्या गुणांची बेरीज बरोबरीची झाली, की लढाई सुरू. लुटुपुटूची लढाई असली, तरी हिशेब मात्र वाण्याच्या वहीसारखा चोख.

ही कल्पना फार जुनी आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी नकाशावर ठोकळे सरकवून लढाई खेळायची पद्धत बसवली. १८२४च्या सुमारास ती तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आली. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. घरातल्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडायचे आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेने ते उडवायचे, याचे नियम त्यात होते. असा खेळ दोन-चारदा खेळला, की खरं युद्ध ही केवढी घोडचूक आहे हे कळतं, असंही त्याने त्या पुस्तकात म्हणून ठेवलं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुस्तकांचं लोक किती ऐकतात, हे आम्हा लिहिणाऱ्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

खेळात मला गोडी वाटली नाही. टेप आणि फासे घेऊन बसण्याइतका माझा जीव त्यात रमेना. रंगवण्यात मात्र मी पुरता अडकलो. भाचा सांगत होता, तिकडेही असे पुष्कळ लोक आहेत, फौजा रंगवतात आणि कपाटात ठेवतात, लढाई कधीच खेळत नाहीत.

हे शिपाई साधारण अठ्ठावीस मिलिमीटरच्या मापाचे असतात. म्हणजे सव्वा इंचाच्याही आत. एवढ्या माणसावर आकाशातला प्रकाश आपल्याला हवा तशी सावली पाडत नाही, म्हणून सावलीसुद्धा रंगानेच पाडावी लागते. आधी सगळ्या अंगावर एकाच रंगाचं अस्तर द्यायचं, नाहीतर वरचा रंग धरत नाही. मग कपड्याचा, कातडीचा, लोखंडाचा रंग भरायचा. तो वाळला, की काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा. तो आपोआप कपड्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत, दाढीच्या केसांत जाऊन बसतो आणि खोलगट जागा काळ्या होतात. मग ब्रशला रंग घ्यायचा आणि फडक्यावर पुसून जवळजवळ सगळा काढून टाकायचा. तो कोरडा ब्रश वरच्यावर फिरवला, की फक्त उंचवट्यांना रंग लागतो. एवढ्याने त्या तुकड्यात जीव येतो. डोळे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, त्याला मान वेगळा असतो. तो का, हे मला पन्नाशीनंतर कळलं. श्वास रोखून धरल्याशिवाय ती रेघ येतच नाही.

सगळ्यात मोठा नियम एकच, रंग पातळ ठेवा. दोन पातळ हात चालतील, एक जाड नको. जाड थर बसला, की घडवणाऱ्याने कोरलेला तपशील बुजून जातो. मी वणीचा. रोज उठून सप्तशृंगीचा डोंगर बघणारा माणूस. गडावरच्या अठरा हातांच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेला होता. २०२२ साली तो काढला, तेव्हा आतलं मूळ रूप लोकांना दिसलं आणि सारा नाशिक जिल्हा हरखला. ते श्रद्धेचे थर, त्यांचा हिशेब निराळा. पण थराखाली काय काय राहू शकतं, याचा विचार मी त्या वर्षी हातात ब्रश धरून पुष्कळ केला.

आता खोक्यावरच्या चित्राबद्दल. तिकडे जॉन ब्लँच नावाचे चित्रकार अनेक वर्षं या कंपनीचे कलाप्रमुख होते. गंजलेले तांबडे-तपकिरी रंग, दाटीवाटीने भरलेली माणसं आणि राक्षस, अशी त्यांची शैली. त्या चित्रांनीच ते काल्पनिक जग लोकांच्या डोळ्यांपुढे उभं केलं. आपल्याकडे हे काम दीनानाथ दलालांसारख्यांनी केलं. मावळा म्हटलं, की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो, तो अशाच छापील चित्रांतून आलेला असतो. आणि शत्रूही चित्रांतूनच आलेला असतो. तिकडे तो हिरवा आणि सुळेवाला. आपल्याकडच्या स्वस्त छपाईत तो लालभडक डोळ्यांचा, खदाखदा हसणारा. मला त्या चित्रकारांना दोष द्यायचा नाही. एका दृष्टिक्षेपात कोण कुणाचा हे कळायला हवं, ही त्या चित्राची गरज असते.

पण रंगवायला बसलं, की एका दृष्टिक्षेपात भागत नाही. एका शिपायाला मला चार संध्याकाळी लागत. चार संध्याकाळी एका राक्षसाच्या तोंडाकडे भिंगातून बघत बसलात, तर त्याच्या पट्ट्याची तुटलेली कडी दिसते, पायाला बांधलेली चिंधी दिसते. मी भाच्याला फोनवर विचारलं, ‘दुसऱ्या फौजेचं काय? ती कोण रंगवतं?’ तो म्हणाला, ‘समोरचा खेळाडू. आणि समोर कोणी नसेल, तर आपणच. दोन्ही रंगवायच्या.’

हे वाक्य डोक्यात राहिलं. लहानपणी आमच्या गल्लीत लढाईचा खेळ व्हायचा, तेव्हा मोगल कोण होणार हे ठरवावं लागत नसे. मी होतोच. रागलोभ नव्हता. मित्र होते, अजून आहेत. पडायचं कधी आणि ओरडायचं कसं, हेही मला पाठ होतं. फक्त त्या मोगलाला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. पडण्यापुरता तो उभा असे.

२०२३च्या दिवाळीत गल्लीतली पोरं माझ्याकडे आली. ‘चाचा, तुमचे ते बारीक ब्रश द्या ना.’ बाजारातून आणलेले मावळे त्यांना नव्याने रंगवायचे होते. मी विचारलं, किल्ला कोणता? म्हणाली, रायगड. म्हटलं, रायगड सगळेच करतात. आपल्या दारात एवढी मोठी लढाई झाली, ती करा की!

मुलांना ठाऊक नव्हतं. १६७० सालच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि बागलाणातून ते परत निघाले. त्यांची वाट अडवायला दाऊदखान कुरेशी रातोरात चांदवडकडून आला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या या पट्ट्यात गाठ पडली. लुटीचा माल पुढे काढून देऊन महाराज स्वतः लढाईला उभे राहिले. मोगलांच्या आघाडीला इखलासखान होता. मागच्यांची वाट न बघता तो तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. सभासदाच्या बखरीत दोन प्रहर युद्ध झाल्याचं लिहिलं आहे. मराठ्यांनी लढाई जिंकली आणि माल सुखरूप गेला. विशेष म्हणजे, मोगलांच्या बाजूने हजर असलेल्या एका माणसाने ही हकिगत फारसीत लिहून ठेवली आहे. त्याचं नाव भीमसेन सक्सेना. बऱ्हाणपूरचा कायस्थ, तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. त्याच्या ‘तारीख-इ-दिलकुशा’त बुंदेल्यांच्या पायदळाचा उल्लेख आहे. त्यांच्या बंदुकांनी मराठ्यांना थोपवून धरलं, असं तो सांगतो.

पोरं खूश झाली. पण अडचण निघाली. मावळे बाजारात ढिगाने मिळतात, मोगल मिळत नाही. दुकानदाराने एक अफझलखान काढून दाखवला. तो मोगल नव्हेच, विजापूरकरांचा! मग ठरलं, साचा तोच, मावळेच रंगवून मोगल करायचे. एका पोराने लगेच सगळ्यांना हिरवा रंग फासायला घेतला. त्याला थांबवलं आणि मोगल चित्रकलेची काही छापील चित्रं काढून दाखवली.

त्या काळी दोन्हीकडच्या सैनिकाचा वेष बराचसा सारखा. डोक्याला पागोटं, अंगात जामा, कमरेला शेला. मग ओळखायचं कसं? त्या चित्रांत एक खूण सापडते. जाम्याचा बंद हिंदू माणूस आपल्या डाव्या काखेकडे बांधी, मुसलमान उजव्या. चेहरा, रंग, हत्यार काही वेगळं नाही. फक्त एक गाठ. रंगवायची झाली, तर शून्य नंबरच्या ब्रशची एक रेघ.

मग आमचं काम अडलं ते वेगळ्याच जागी. दाऊदखानाच्या फौजेला सरसकट उजवे बंद काढून चालेनात. बुंदेले होते, त्यांचे डावे. भीमसेनाचाही डावाच. आणि महाराजांच्या बाजूला सगळे डावे काढावेत, तर आरमारात दौलतखान होता, पदरी काझी हैदरसारखी माणसं होती. या लढाईत ती नव्हती, पण एक मुलगी म्हणाली, ‘नसली म्हणून काय, एखादा तर असेल की!’ आणि तिने एका मावळ्याला उजवा बंद काढून टाकला. आमची निम्मी संध्याकाळ आणखी एका घोटाळ्यात गेली. डावा म्हणजे बघणाऱ्याचा डावा, की शिपायाचा? तीन बुंदेले चुकून मुसलमान झाले होते, ते पुसून पुन्हा हिंदू करावे लागले.

पाडव्याला किल्ला बघायला गल्ली लोटली. शेजारचे तात्या बराच वेळ वाकून बघत होते. मला म्हणाले, ‘काय रे, शत्रूला एवढं नटवायचं कशाला?’ खोटं कशाला बोलू, मला जरा धास्ती होतीच. दुसऱ्या कुणी हे मोगल रंगवले असते तर निराळं. मी रंगवले, यात कुणी काही वाचलं, तर काय सांगायचं? पण मी काही बोलायच्या आत तो हिरवा रंग फासणारा पोरगाच म्हणाला, ‘तात्या, महाराज काय पोत्यांशी लढले का?’ तात्या हसले. चष्मा काढून पुन्हा वाकले आणि विचारलं, ‘यातला दाऊदखान कोणता?’ पोराने दाखवला. घोड्यावरचा, राखाडी दाढीचा. त्याच्या डोळ्यांची आखणी मी केली होती आणि डावा डोळा थोडा तिरळा झाला होता. तात्यांनी तो बरोबर हेरला.

दिवाळी संपल्यावर पोरांनी शिपाई जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले. दोन फौजांना दोन खोकी आणली होती, पण एक फाटकं निघालं, म्हणून सगळे एकातच ठेवले. खोकं माझ्या माळ्यावर आहे. बुंदेल्यांच्या हातात आम्ही भालेच ठेवले होते, ही चूक आता मुलांच्या ध्यानात आली आहे. पुढच्या खेपेला काडेपेटीच्या काड्या तासून त्यांना बंदुका करायच्या, असं ठरलं आहे. काडीला रंग धरत नाही, आधी अस्तर द्यावं लागेल.