उद्यान आणि देवराई

मुलांस वनस्पतींची ओळख करून द्यावयाची, तर एकच बाग पाहून भागत नाहीं. पुण्याची एम्प्रेस बाग पाहिल्यावर एखाद्या रविवारीं कुटुंबासह आंदर मावळ गांठावें. मावळांतील देवराई हीहि एक बागच. मात्र तिला माळी नाहीं. देवाच्या धाकानें तेथें कुऱ्हाड चालत नसे, म्हणूनच हिरडे, जांभळी व गारंबीच्या जाडजूड वेली टिकून राहिल्या. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० च्या दशकांत अशा राया शास्त्रीय दृष्टीनें अभ्यासिल्या.

मादागास्करचा गुलमोहर आपल्याकडे घरचाच झाला. परंतु प्रत्येक पाहुणा सभ्य असतोच असें नाहीं. अमेरिकेंतील घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेकरितां कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आली. पक्ष्यांनीं तिचें बीं रानोमाळ नेलें, आणि आज ती देशी रोपांची जागा बळकावीत आहे.

तेव्हां परक्या झाडांचें कौतुक बागेच्या कुंपणाआंत अवश्य करावें. देवराईंत मात्र गांवकऱ्यांस विचारून शिरावें, गांवचा रिवाज पाळावा, पानफूल तोडूं नये, आणि खाल्लेल्या फळाची बीसुद्धां मागें टाकूं नये.